लुळ्या हाताचा नवरदेव

मी एक जुना नवरदेव आहे. दचकू नका, मित्रांनो. बारा वर्षं रोज सकाळी मला शेरवानी चढवली गेली, डोक्यावर फेटा बसवला गेला, गळ्यात खोट्या मोत्यांची माळ पडली, आणि लग्न मात्र एकदाही लागलं नाही. आता माझं नाव यामादा-सान आहे. वय ब्याऐंशी, डावं अंग लुळं, मुक्काम पोस्ट कल्याण. नवरदेवाचा थेट म्हातारा कसा झाला, मधलं सगळं आयुष्य गेलं कुठे, असं तुम्ही विचाराल. सांगतो. पण ऐकताना जरा सावध राहा. गोष्ट सांगणाऱ्यावर लगेच भरवसा टाकू नये, असं माझं मत आहे आणि त्यातून मी स्वतःलाही वगळत नाही.

माझा जन्म कोलशेतला, खाडीच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे दगडू नावाचा कारागीर दुकानांसाठी फायबरचे पुतळे घडवायचा. माझं कमरेवरचं अंग एका साच्यातून निघालं, कमरेखालचं दुसऱ्यातून, आणि दोन्ही एका खुंटीवर जोडली गेली. पोट पोकळ. हे पोट लक्षात ठेवा, पुढे त्याने फार घोटाळा केला. माझा डावा हात साच्यात वाळत होता तेव्हा दगडूला चहाची तल्लफ आली. त्याने साचा वेळेआधी उघडला आणि हात खांद्यात नीट बसलाच नाही, लोंबकळत राहिला. दगडूने मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाला, "चालतंय की! नवरदेवाला कोण बघतंय? लोक नवरीला बघणार."

जगात आल्यावर माझ्या कानी पडलेले हे पहिले शब्द. तेव्हापासून "चालतंय की" म्हणणाऱ्या माणसाकडे मी वाकड्या नजरेनेच बघत आलो आहे.

तिथून मी कल्याणला परशुरामशेठच्या दुकानात काचेमागे उभा राहिलो. लग्नाचे कपडे, भाड्याचे आणि विकतचे. लुळा हात शेरवानीच्या खिशात खोवून टाकला की माझा रुबाब बघण्यासारखा असायचा. परशुरामशेठ स्वभावाने इतका संशयी, की गिऱ्हाइकाला पाणी देताना तो भांड्याला दोरा बांधायचा. माझ्या फेट्याची कलगी तो रोज संध्याकाळी काढून स्वतःच्या उशाखाली ठेवायला घरी न्यायचा. अशा गुरूच्या हाताखाली मी शिकलो. काचेसमोर कुणी खिशात हात घालून उभा राहिला, की मला संशय यायचा. त्याने हात बाहेर काढला, की जास्त यायचा.

एकदा तर मला वरातीत नेलं होतं. खडवलीच्या एका मुलाच्या पोटात ऐन वेळी कळ आली, तो काही संडासातून बाहेर येईना, आणि बँडवाले थांबायला तयार नव्हते. त्याचा मामा दुकानात धावत आला आणि मला उचलून घेऊन गेला. मुंडावळ्यांमागे तोंड कुणाला दिसतंय? सबंध रस्ताभर मी घोड्यावर होतो. वऱ्हाडी माझ्यापुढे नाचले, मुलीच्या आत्याने मला ओवाळलं. फक्त घोड्याला संशय आला होता. तो सारखा मान वळवून बघत होता. मित्रांनो, तेवढा घोडा मला आजवर भेटलेल्यांत सर्वांत हुशार.

पुढे परशुरामशेठ थकला. दुकान गेलं, तिथे मोबाइलची काच लागली आणि मी एका भंगारवाल्याच्या दारात, तुटक्या पंख्यांच्या शेजारी येऊन पडलो. तिथे एक दिवस पस्तिशीचा, चष्मा लावलेला, कमी बोलणारा माणूस आला. त्याने माझा डावा हात उचलून सोडून दिला. हात बदकन खाली पडला आणि माणसाचा चेहरा उजळला.

"अगदी असाच हवा होता!"

आता सांगा, मोडकं बघून खूश होणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवील? मी तर नाहीच ठेवला. त्यात तो खाली वाकला, माझ्या डोळ्यांच्या पातळीला आला आणि हळूच म्हणाला, "आजोबा, उचलतोय हं तुम्हाला." असं म्हणून तो थोडा वेळ थांबलाही. भंगारवाला हसून हसून खोकायला लागला. मी मनात नोंद केली, की एक तर हा वेडा आहे, नाहीतर फार पोहोचलेला.

हे राजरत्न सर. तीन वर्षं जपानमध्ये एका वृद्धाश्रमात काम करून परतलेले. कल्याणमध्ये एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर त्यांनी वर्ग काढला होता. खालून दिवसभर घरघर चालायची आणि जिन्यावर, खिडकीवर, मुलांच्या वह्यांवर पिठाचा पातळ थर बसायचा. माझी शेरवानी गेली, पायजमा-सदरा आला. डोक्यावर पांढरी लोकर चिकटवली. मला पलंगावर झोपवलं आणि सरांनी फळ्यावर लिहिलं: यामादा-सान, वय ८२, डाव्या अंगाला पक्षाघात. सान म्हणजे तिकडचं आपलं "राव".

नवरदेवाचा एका दुपारी म्हातारा झाला. मधली पन्नास वर्षं कुणी खाल्ली, हा संशय मला अजून आहे.

या वर्गात येणाऱ्या मुलामुलींना जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला जायचं होतं. तिकडे म्हातारी माणसं पुष्कळ आणि त्यांना उठवा-बसवायला हात कमी. पण नुसतं जायचंय म्हणून जाता येत नाही. आधी परीक्षा. एक रोजच्या जपानी भाषेची, एक सेवेच्या कौशल्याची, आणि एक म्हाताऱ्यांशी काय नि कसं बोलायचं त्या जपानीची. तिन्ही कॉम्प्युटरवर. तिन्ही पास झाल्याशिवाय व्हिसाचा कागद जागचा हलत नाही.

सरांनी पहिल्याच दिवशी माझ्यावर एक नियम शिकवला. माणसाला हात लावायच्या आधी त्याच्यासमोर यायचं, नाव घ्यायचं, "शित्सुरेई शिमासु" म्हणजे "माफ करा हं" असं म्हणायचं, काय करणार ते सांगायचं. आणि मग थांबायचं.

"कुठपर्यंत थांबायचं, सर?" प्रीतम नावाच्या उंच मुलाने विचारलं. "हा पुतळा आहे. ह्याचं उत्तर येईपर्यंत आपलं सगळ्यांचं वय ब्याऐंशी होईल."

वर्ग खो-खो हसला. सरही हसले.

"तीन आकडे मोज. त्या तीन आकड्यांत त्याला नाही म्हणता आलं पाहिजे."

दुसरा नियम कपड्यांचा. सदरा घालताना आधी लुळा हात, मग धड हात. काढताना उलट, आधी धड. म्हणजे दुखऱ्या हाताला ओढ बसत नाही. दगडूच्या चहापायी राहिलेली माझी खोड इथे अशी कामाला आली. दिवसातून वीस वेळा माझा सदरा निघायचा आणि चढायचा. एवढा मान मला वरातीतही मिळाला नव्हता.

पण त्या विचारण्याने मी चक्रावलो. दुकानात बारा वर्षं मला कुणी विचारलं नव्हतं. पँट ओढताना नाही, मान फिरवताना नाही. परशुरामशेठ सांगायचा, की फार अदबीने बोलणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत आधी डोकवावं. मनात काळंबेरं असल्याशिवाय माणूस कशाला विचारील? झालं, मी सरांवर नजर ठेवली. दर शनिवारी ते गॅलरीत जाऊन जपानीत फोन करायचे आणि बोलताना पुन्हा पुन्हा कमरेत वाकायचे. समोर कुणी नसताना माणूस वाकतो कशाला? शिवाय वर्गात ते बजावायचे, "मूळ पासपोर्ट कुणाच्या हातात द्यायचा नाही. माझ्याही नाही. फॉर्मला झेरॉक्स पुरते." घ्या! ज्याच्या मनात पासपोर्ट नाही, त्याला पासपोर्ट सुचतातच कसे?

माझा जीव जडला तो मयूरवर. मयूर वर्गात फॉर्म भरायचं, परीक्षेच्या तारखा घ्यायचं काम करायचा. गोरागोमटा, केसांना जेल, तोंडात साखर. येता-जाता माझ्या गालावर चापट मारून म्हणायचा, "काय नवरदेव, मजेत?" अख्ख्या वर्गात मला नवरदेव म्हणून ओळखणारा तो एकटाच. एकदा त्याने कुठूनसा निळा जपानी झगाही आणून माझ्या अंगावर चढवला. मी विरघळलो. मित्रांनो, सगळ्या जगावर संशय घेणाऱ्याची एक गंमत असते. कुणी त्याच्या फेट्याचं कौतुक केलं, की त्याचे सगळे पहारेकरी जेवायला जातात.

आता पायलविषयी सांगतो. पायल खडवलीची. तिची आई भीमाबाई कल्याणच्या एका नर्सिंग होममध्ये आयाबाई होती. पायलला सेवेच्या दोन्ही परीक्षा द्यायच्या होत्या आणि रोजच्या जपानीची पुन्हा, कारण पहिल्या खेपेला ती थोडक्यात नापास झाली होती. जपानमधल्या एका वृद्धाश्रमाने कॉम्प्युटरवर मुलाखत घेऊन तिला पसंत केलं होतं. जागा महिनाअखेरपर्यंत राखू, पुढे नाही, असं त्यांनी कळवलं होतं. परीक्षा शनिवारी. ही खेप हुकली, की जागा गेली.

त्या आठवड्यात बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत ती एकटी माझ्या पलंगापाशी बसली होती. मयूर आला.

"अगं, रडतेस काय?"

"काही येत नाहीये रे दादा. कांजीची ती चित्रासारखी अक्षरं बघितली की मुंग्या चालल्यासारख्या वाटतात. ह्या वेळी गेले ना, तर ते लोक दुसरी मुलगी घेतील."

"गेलीस तर ना? सेट आलाय आपल्याकडे. तिन्ही पेपरचे प्रश्न, खाली उत्तरं. अ-ब-क पाठ कर आणि मोकळी हो."

"सरांना माहितेय?"

"सरांना प्रत्येक गोष्ट सांगतात का? ते स्वतः रडत-रखडत शिकले, म्हणून तुम्ही पण रडा. काय?" तो हसला. "मला काही नको गं. फक्त ओरिजिनल पासपोर्ट दे. तुझी फाइल एका मोठ्या कंपनीकडे पुढे करतो."

"पण परीक्षेला ओरिजिनलच दाखवायला लागतो ना?"

"शनिवारी गेटवर तुझ्या हातात. मयूरची जबान आहे."

असं म्हणून त्याने माझ्या काखेत हात घातला, वरचं अंग खुंटीवरून उचललं, कागदांचा गठ्ठा माझ्या पोटात सारला आणि मला पुन्हा बसवलं. "ह्याच्या पोटात ठेवलाय. उद्या काढ आणि पासपोर्ट तिथेच टाक. बाकीच्या चौघांनी टाकले पण."

मी अभिमानाने फुगलो. नवरदेवाच्या पोटात कंपनीची फाइल! आत चार पासपोर्ट गार लागत होते, पण म्हटलं, मोठ्या कामाचा भार असा लागणारच.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पायल आली. दाराकडे बघितलं. मग माझ्यासमोर वाकली, माझ्या डोळ्यांच्या पातळीला आली आणि पुटपुटली, "यामादा-सान, शित्सुरेई शिमासु. पोटात हात घालतेय हं. रागावू नका."

आणि थांबली.

एक.

तिने पुन्हा एकदा दाराकडे बघितलं.

दोन.

मला एकदम आठवलं, की काल मयूरने विचारलं नव्हतं. काल काय, कधीच नाही. चापट मारताना नाही, झगा चढवताना नाही. आणि राजरत्न सर, वर्गात एकटे असताना नुसती उशी सरकवायची तरी "आजोबा, मान उचलतोय हं" म्हणायचे. बघणारं कुणी नसायचं. मग ते कुणासाठी म्हणायचे?

तीन.

नाही म्हण, नाही म्हण, असं माझं पोकळ पोट ओरडत होतं. पण फायबरच्या तोंडाला फट नसते. पायलने हात घातला, पासपोर्ट ठेवला, कागद उचलले आणि दप्तरात कोंबून निघून गेली. मी पलंगावर पडून राहिलो. बारा वर्षांची विद्या मी उलट्या बाहीने घातली होती.

शुक्रवारी दुपारी भीमाबाई वर्गात आली. अंगावर नर्सिंग होमची फिकट हिरवी साडी, हातात डबा. उद्या पोरीची परीक्षा, म्हणून ड्युटीवरून परस्पर आली होती. पायल कोपऱ्यात बसून अ-ब-क घोकत होती. प्रीतम आणि आणखी दोघी जणी समोर होते. सर गॅलरीत कुणाचा तरी फॉर्म तपासत होते.

"जय भीम, सर," म्हणत भीमाबाई आत आली आणि माझ्याकडे बघून थबकली. मयूरने मला झगा कसातरी गुंडाळला होता. लुळा हात बाहेरच लोंबत होता.

"अगं, ह्या बाबाला कुणी घातला झगा? दुखरा हात बाहेरच!"

"आई, पुतळा आहे तो."

"असू दे ना. तू ह्याच्यावरच शिकणार ना? इथं आळस केलास तर तिथं काय करशील?" तिने डबा ठेवला, पदर खोचला आणि माझ्यासमोर वाकली. "बाबा, हात देता का जरा?"

आणि थांबली! तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती कुठल्या वर्गाला गेली नव्हती, कुठली परीक्षा तिने दिली नव्हती. वीस वर्षं खाटांजवळ उभी राहून ती हे शिकली होती. मग तिने माझा लुळा हात मनगटाखाली आणि कोपराखाली असा दोन्हीकडे धरला, की मला आयुष्यात पहिल्यांदा तो हात आपला वाटला.

माझी कमर उचलायला तिने पाठीखाली हात घातला. आणि इथे, मित्रांनो, मी खुंटी सैल केली. प्रीतम म्हणतो, ती आधीपासूनच सैल होती. प्रीतमने त्या दिवशी माझ्या पोटात राहून बघितलं होतं का? मी सैल केली म्हणजे केली.

आत खडखडाट झाला.

"ह्याच्या पोटात काय गं वाजतंय?"

पायल कोपऱ्यातून उठली. भीमाबाईने माझं वरचं अंग अलगद बाजूला ठेवलं. पाच पासपोर्ट. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण शेवटच्या पासपोर्टातला फोटो वाचायला इंग्रजी लागत नाही.

"पायल?"

एवढंच म्हणाली. तेवढ्यात दारातून मयूर आला. आपली फाइल न्यायला आला होता, हे त्याच्या रिकाम्या पिशवीवरून दिसत होतं.

"मावशी, ठेवा, ठेवा! ऑफिसची फाइल आहे ती."

"ऑफिसची फाइल म्हाताऱ्याच्या पोटात ठेवतात?" भीमाबाईने पासपोर्ट कमरेला खोचले. "मी वीस वर्षं कपाटातच बघते."

मयूरने झडप घातली. भीमाबाई बाजूला झाली आणि त्याच्या हाती लागला माझा डावा हात. त्याने हिसका दिला. दगडूने अर्धवट ठेवलेलं काम मयूरने पुरं केलं. हात खांद्यातून निघाला, मयूरचा तोल गेला, आणि तो माझ्या हातासकट जिन्यावरून खाली घरंगळत थेट गिरणीच्या पिठात जाऊन बसला.

"मावशीऽऽ, दळायला काय आणलंत?" खालून गिरणीवाल्याने ओरडून विचारलं.

पांढराफटक मयूर उठला आणि पळत सुटला. माझा हात त्याच्या हातातच राहिला होता. पिठाने माखलेला माणूस, मुठीत माणसाचा हात, असा तो बाजारातून धावला तेव्हा भाजीवाल्या टोपल्या सोडून पळाल्या, असं म्हणतात. सहा कुत्री मागे होती. मी सुरुवातीला चार सांगायचो. पण आठवेल तशी वाढतात. संध्याकाळी एका रिक्षावाल्याने हात आणून दिला आणि म्हणाला, "पेशंट बाकीचा कुठाय?" तर असा माझा लुळा हात एकटाच कल्याण बघून आला. मला त्या वरातीनंतर कुणी कधी नेलं नाही.

वर्गात मात्र कुणी हसत नव्हतं. गडबड ऐकून आत आलेल्या सरांनी भीमाबाईकडून पाचही पासपोर्ट घेऊन टेबलावर मांडले. पायलने दप्तरातून सेट काढून पुढे ठेवला. तिची मान खाली होती.

"पासपोर्ट त्याच्याकडे राहिले असते," सर म्हणाले, "तर उद्या गेटवरूनच परत आली असतीस. आणि नंतर त्याने सांगितलं असतं, सोडवायचा असेल तर मी सांगेन त्या ठिकाणी कामाला जा." मग त्यांनी सेटचं पहिलं पान उलटलं आणि मोठ्याने मराठीत वाचलं. "डाव्या अंगाला पक्षाघात असलेल्या माणसाला सदरा घालताना आधी कोणता हात घालावा? उत्तर, उजवा."

"कुठला शहाणा सांगतो?" भीमाबाई उसळली. "आधी उजवा घातलात तर डाव्याला ओढायला लागंल. खांदा निखळंल बिचाऱ्याचा. आधी लुळा!"

सरांनी नुसतं पायलकडे बघितलं. पायलला हे पहिल्या आठवड्यापासून येत होतं. हाताने वीस वेळा केलेलं तिने कागदावरच्या एका अक्षरासाठी पुसून टाकलं होतं.

"सर, मी चुकले."

"सेट-बिट काही नसतं, पायल. कॉम्प्युटर प्रत्येकाला वेगळे प्रश्न काढून देतो. पण तू मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही नेहमी थांब, थांब म्हणता. आमच्याकडे थांबायला वेळ कुठाय?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "हेही खरंय," म्हणाले. "मी म्हाताऱ्याला तीन आकडे थांबायला शिकवलं, आणि तुला काय वाटतंय ते विचारायला थांबलो नाही. चल, उठ. आता पाठ करायचं नाही. करायचं."

मयूरची तक्रार सरांनी पोलिसांत दिली, ती बाकीच्या चौघांच्या सह्यांनिशी. आणि ती सगळी दुपार मी एका हाताचा यामादा-सान होतो. पायल मला उठवत होती, बसवत होती, भीमाबाई मराठीत चुका काढत होती आणि सर त्याचं जपानी सांगत होते. "उशी द्या बाबाला" म्हटलं की जपानी वाक्य, "घोटभर पाणी, आधी ताठ बसवा" म्हटलं की जपानी वाक्य. कांजीतल्या मुंग्या हळूहळू ओळीने चालायला लागल्या, असं पायल नंतर म्हणाली.

शनिवारी परीक्षा झाली. तिथलं वर्णन पायलने केलं तेव्हा माझा ऊर भरून आला. बाह्या वर करायला लावतात, खिसे उलटे करून दाखवायचे, चष्मा काढून त्याच्या काड्या तपासतात. पासपोर्टवरचा चेहरा आणि खरा चेहरा तीन-तीनदा ताडून बघतात. अहाहा! परशुरामशेठला तिथे नोकरी मिळायला हवी होती.

त्या दुपारी निकालाची वाट बघत भीमाबाई वर्गातच बसून होती. शनिवार असल्यामुळे सर गॅलरीत गेले, फोन लावला आणि वाकू लागले. भीमाबाईने सरळ विचारलं. मला दीड वर्षात जे जमलं नाही, ते तिने एका वाक्यात केलं.

"सर, फोनवर कुणाला वाकता ओ?"

"तिकडे एक आजी होत्या," सर म्हणाले. "तीन वर्षं मी त्यांना जेवू घातलं. त्यांना आता काही आठवत नाही. दर शनिवारी विचारतात, आपण कोण? मी वाकून पुन्हा नाव सांगतो. त्या म्हणतात, वा, छान नाव आहे."

मला तोंड लपवायला दुसरा हातही नव्हता.

मग भीमाबाईचा फोन वाजला. पायल भाषेच्या परीक्षेत काठावर का होईना, पण पास झाली होती. सेवेच्या दोन्ही परीक्षा मात्र तिने चांगल्या मार्कांनी मारल्या. वृद्धाश्रमाने जागा ठेवली. कागद हलले, व्हिसा आला.

निघायच्या दिवशी ती वर्गात आली. सरांनी तोवर माझा हात तारेने पुन्हा बसवला होता. पायल माझ्यासमोर वाकली. "यामादा-सान, निघाले मी. हात लावू?"

एक. दोन. तीन पुरते व्हायच्या आत माझा डावा हात तिच्या तळव्यावर येऊन पडला. प्रीतम म्हणतो, तार सुटली. म्हणू दे. त्याला घोड्याइतकी अक्कल असती, तर तो बोलला नसता.

त्यानंतर वर्गात एक नवा रबरी रोगी आला. त्याची बोटंही वाकतात. मी जिन्याच्या वळणावर गेलो. मुलं माझ्या हाताला छत्र्या अडकवतात, कुणी पेनाने मिशी काढून ठेवलीय. अंगावर पीठ साचतं. तसा मी विसरलाच गेलो असतो, पण रविवारी भीमाबाई येते. सरांनी तिला शिकवायला बोलावलंय, आणि मुलं तिला "भीमाबाई-सेन्सेई" म्हणजे "बाई" म्हणतात. वर चढताना ती वळणावर थांबते. "बाबा, पीठ झटकते हं," म्हणते, थांबते, आणि मग पदराने माझं तोंड पुसते. मिशी मात्र निघत नाही.

मागच्या रविवारी तिने मला फोनवर पायलचा निरोप ऐकवला. पायलच्या वृद्धाश्रमात एक आजोबा आहेत. कुणावर विश्वास ठेवत नाहीत. जेवणात औषध घालतात म्हणून सूपसुद्धा हुंगून पितात, कुणाला अंगाला हात लावू देत नाहीत. पायल रोज समोर वाकते, विचारते आणि थांबते. पहिले अकरा दिवस ते नाही म्हणाले. बाराव्या दिवशी त्यांनी हात दिला.

"अजून माझ्यावर संशय आहे त्यांचा," पायल हसत म्हणत होती. "पण हात देतात."

हे ऐकून मला बरं वाटलं. थोडा मत्सरही वाटला. तो आजोबा खरा आहे, की माझीच कुणी नक्कल केलीय, याचा तपास मी सुरू केला आहे.

मित्रांनो, तुम्ही कधी कल्याणला गिरणीवरच्या जिन्याने गेलात, तर वळणावर जरा थांबा. छत्री अडकवायची असेल तर अडकवा, मिशीला जोडीची दाढी काढायची असेल तर तीही काढा. पण आधी समोर या, विचारा आणि तीन आकडे मोजा. घरातल्या आजीला उठवताना, धाकट्याला उचलताना, आजारी माणसाची चादर ओढतानाही मोजा. आणि कुणी न विचारता तुमच्या गालावर चापट मारून गोड बोलू लागला, तर त्या घोड्यासारखी मान वळवून नीट बघा.

माझं उत्तर बहुतेक हो असेल. तरी थांबा.

एक. दोन.